बंदुकीच्या बैठकीचे आठ बोल्ट

मिरकाब, १४ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळ

सरकारने पुरवणी निधी मंजूर केला आणि आमच्या वर्कशॉपला गस्तीच्या बोटींचं काम मिळालं. आज पहिल्या बोटीवर बंदुकीच्या बैठकीचे आठ बोल्ट मीच आवळले. फोरमन म्हणाला, "उद्यापासून मासेमारीबंदीच्या पाण्यात कोणी टिकायचं नाही."

माझा धाकटा भाऊ सदा मासेमारीच्या लाँचवर आहे, आणि मासळी मिळते ती त्या बंदीच्या पाण्यातच. आज रात्री निघालेली लाँच उद्या तिथेच असणार. ते आठ बोल्ट डोळ्यांपुढून हलेनात. सुटी झाल्यावर सरळ धक्क्यावर गेलो.

"सदा, आज जाव नको."

तो हसला. "दादा, नको म्हणाक मी काय मालक आसंय?"

मग लाँचवर चढताना त्याने आपलं ओळखपत्र माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडे, भिजात."

समुद्रावर जाताना ते त्याच्या खिशातच असायचं, आजवर कधीच दिलं नव्हतं.