खाली कर

११ नोव्हेंबर १९९६
आज पोलीस ट्रेनिंगमध्ये रायफल पुसायला दिली. शाबासकी मिळेल म्हणून मी बोल्टवर, गोळी आतबाहेर सरकवणाऱ्या दांड्यावर, तेल ओतलं — निथळेपर्यंत! आम्हाला शिकवणाऱ्या रामकिसन उस्तादांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. "द्वारकाबाई, ही काय बैलगाडी हाय? आखाला वंगण घालाय लागल्या." अख्खी रांग हसली. मला राग आला तो आलाच. गाडीवाल्यांच्या घरची मी, कोरडं लोखंड बघवत नाही.

नंतर त्यांनी जवळ बसून समजावलं. तेल जास्त झालं की धूळ धरते आणि बोल्ट ऐन वेळी अडकतो. आधी चिंदीनं काजळी काढायची, मग डोळ्यात काजळ घालावं एवढंच तेल. हे मात्र पटलं.

१४ नोव्हेंबर
बोल्ट मागं ओढताना अंगठा सोलला. स्प्रिंग मेली फार कडक. पैठण गेटवरून पट्टी आणली. उद्या परत तेच.

१९ नोव्हेंबर
सासूबाई एसटीनं माझ्या खोलीवर राहायला आल्या. हे पोलिसात होते, गेल्या वर्षी काविळीनं गेले, आणि त्यांच्या जागी मला घेतलं. तेव्हापासून सासरी पाचोडला एकच धोशा — बाईला बंदूक झेपायची नाही, जागा बन्सीला द्या. बन्सी म्हणजे माझा धाकटा दीर. ट्रेनिंगमधून काढलं तर मला गावीच जावं लागेल, त्याच्या ओसरीवर.

वाटलं, सासूबाई तेच सांगायला आल्या. तर म्हणतात कशा, "बन्सी मला सांभाळंल. तुला नाय सांभाळायचा. नोकरी सोडू नगंस." पोटच्या पोराबद्दल असं बोलल्या! मी भाकरी थापता थापता रडले.

२५ नोव्हेंबर
आता डोळे मिटूनसुद्धा बोल्ट उघडते, पुसते, जोडते. उस्ताद म्हणाले, "व्हय, जमलं." मला तेवढं पुष्कळ झालं.

२ डिसेंबर
 

गोळीबाराचा पहिला दिवस. शेवटी उस्ताद ओरडले, "खाली कर!" हुकूम हिंदीतला — मॅगझीन काढा, बोल्ट ओढून आत राहिलेली गोळी बाहेर टाका, रायफल रिकामी करा, मग खात्रीला चाप ओढा. मला ठाऊक होतं. पण कान बधिर झाले होते, आणि आमच्यात खाली कर म्हटलं की डोक्यावरची पाटी उतरवतात. मी रायफलीची नळी जमिनीकडं केली. आजूबाजूला चाप वाजले, म्हणून मीही ओढला.

धाड! गोळी मातीत गेली, शेजारच्या उमाच्या पायाजवळ. तिला काही झालं नाही, पण ती मटकन खालीच बसली. मी तिच्या पायावरची माती झटकत राहिले. 

साहेब म्हणाले, "हिला हुकूम कळत नाही. ठेवायची कशाला?" परवा चौकशी. साहेब खोटं बोलले नाहीत. तो बोल्ट तीन आठवडे घासून चकचकीत केला, आणि ओढायचाच विसरले. कर्म माझं, दुसरं काय!

३ डिसेंबर
सासूबाईंनी विचारलं, "बांधाबांध करू का?" मी "करा" म्हटलं. त्यांनी आधी भांडी काढली, मग यांचा फोटो भिंतीवरून उतरवून लुगड्यात गुंडाळला. बन्सीचं नाव आम्ही दोघींनी काढलं नाही.

उद्या खरं तेच सांगणार. ऐकण्यात चूक झाली, माझी झाली.

४ डिसेंबर
मला बोलूच दिलं नाही. माझ्या आधी उस्ताद पुढं झाले. "साहेब, हुकूम म्या मराठीत दिला व्हता. खाली कर म्हणलो, बाईनं खाली केली. चूक माझी."

मी राहिले. उस्तादांना शिकवण्यावरून काढलं.