जुडीला चार वेढे

गुरुवार, १० फेब्रुवारी १९३८
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे
ब्रॅकन काउंटी, केंटकी

प्रिय वेंडल,

मी कोठारात तंबाखू टांगायच्या काठ्या मोजत होतो. अकराशे बारा भरल्या, त्यांतल्या तेवीस मोडक्या. पाऊस आला म्हणून घरात आलो आणि हे लिहायला बसलो. तू आणि मेबल खुशाल असाल. मी बरा आहे. दोन्ही खेचरे बरी आहेत, म्हाताऱ्या खेचराचा खूर आता भरून आला आहे.

बाबांना शनिवारी आईच्या शेजारी ठेवले. कबर शेजाऱ्यांनीच खणली, जमीन वरून चार बोटे गोठलेली होती. डॉक्टरांनी कागदावर न्यूमोनिया लिहिले आहे. ते मी तीनदा पाहून आपल्या बायबलच्या पहिल्या पानावर उतरवले, कारण त्या शब्दात सुरुवातीलाच एक अक्षर असे आहे की जे उच्चारत नाहीत. पास्टरसाहेबांनी पैसे घेतले नाहीत. मी त्यांना मोठा हॅम दिला.

सगळ्यांनी तुझ्याबद्दल विचारले. मी सांगितले, बाजार चालू आहे, कंपनी सोडत नाही. तुझ्या तारेत तेवढेच होते, म्हणून मी तेवढेच सांगितले. हेनीकाका म्हणाले, "बापाच्या मातीला यायला रजा मिळत नाही, एवढा मोठा साहेब झाला का तो?"

तुझे खोके सोमवारी मिळाले. त्यात मनीऑर्डर होती आणि तुमच्या कंपनीच्या पाइप-तंबाखूच्या, चक्कीच्या चित्राच्या बारा डब्या होत्या. बाबांना पुरून दोन दिवस झाले होते. तू खोके आधी पाठवले असशील, पोस्टाला वेळ लागला असेल, असे मी धरून चालतो.

त्या डब्यांचे काय करावे ते मला कळत नाही. मी ओढत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी काल एक उघडली. वाईट हे आहे वेंडल, की ती चांगली आहे. आजोबांच्या वेळी होती तशीच आहे. भाजलेल्या अक्रोडाचा वास, मागून थोडासा कोकोचा, आणि त्याच्याही मागे आपल्या कोठाराचा, पान नरमलेले असते त्या दिवसांतला. बाबांचा कोट अजून खुंटीवर आहे. खोलीत आता दोन ठिकाणांहून तोच वास येतो.

हेनीकाका दुकानाच्या बाकावर बाबांना नेहमी छेडायचे. "जेप, तू पाउंडभर पान वीस सेंटांना विकतोस, आणि तेच पान दोन औंसांच्या डबीत दहा सेंट देऊन परत आणतोस. आणि वर स्वतःला शहाणा समजतोस!" त्यावर बाबा म्हणायचे, "धुऊन, इस्त्री करून परत देतात ना. त्याची मजुरी." सगळे हसायचे. पण ते मनापासून मानायचे की प्रत्येक डबीत त्यांचे थोडे तरी पान असते. तू कारखान्यात लागल्यावर पहिल्या नाताळाला आलास आणि त्यांना समजावलेस की तिथे पन्नास काउंट्यांचा माल एका ढिगात पडतो, कुणाचे पान कुणाचे हे देवालाही कळणार नाही. ते म्हणाले, "देवाला कळत नसेल. मला कळतं." तू हसलास. मीही हसलो होतो.

एकदा मी विचारले होते की इतकी वर्षे हीच का ओढता, दुकानात गोड वासाच्या किती तरी आहेत. म्हणाले, "गोड तंबाखू पाहुण्यासारखी. एक दिवस बरी. ही जिभेला चावत नाही, बडबड करत नाही. सकाळपासून माझ्याबरोबर कामाला येते." पाइप मात्र त्यांचा नेहमी अर्ध्यात विझायचा. पुन्हा पेटवायला त्यांना काही वाटायचे नाही.

आता चौदा डिसेंबरचे लिहितो. टाळून चालणार नाही.

त्या दिवशी बाबांनी रविवारचा कोट घातला होता. मेझव्हिलच्या वखारीत लिलावाला जाताना हेनीकाकांच्या ट्रकमध्ये ते सांगत होते, "आज माझा पोरगा माझ्या रांगेत येणार." हेनीकाका म्हणाले, "मग भाव चढवणार की पाडणार?" बाबा म्हणाले, "पान बघेल आणि बोलेल. तसंच शिकवलंय मी त्याला."

तू तुमच्या कंपनीचे खरेदीदार क्रेनशॉसाहेब यांच्या मागे वही घेऊन आलास. लिलाव करणारा गात गात पुढे सरकत होता. तू आमच्याकडे पाहिले नाहीस. खरेदीतली तुझी नोकरी नवी आहे, सगळे तुझ्यावर डोळा ठेवून असतील, हे मला तेव्हाही समजत होते. आपल्या टोपलीपाशी तू कोपरापर्यंत हात घातलास आणि मधली एक जुडी ओढून काढलीस. काळी, हलकी, घरजळ झालेली, म्हणजे कोठारात कोंदून कुजलेली. बाहेरून एका बाजूची दोन पाने चांगली, आतली सगळी सडकी.

तू म्हणालास, "घरटं आहे."

गाणे थांबले. चांगल्या पानांखाली वाईट लपवण्याला घरटे म्हणतात हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असते. मागून कुणी तरी ओरडले, "जेपची कोंबडी अंडी घालायला लागली की!" वखारीचे मालक फेरिस धावत आले. "जेप, हे तुमचं?" चौतीस वर्षे बाबांनी त्या वखारीत माल विकला होता आणि एकदाही कुणी त्यांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला नव्हता.

बाबांनी तुझ्या हातातून जुडी घेतली. तिचे डोके, देठ बांधलेले टोक, स्वतःकडे वळवले. मी खांबाशी उभा होतो. मग म्हणाले, "माझंच. हल्ली दिसत नाही नीट."

ती टोपली पाउंडाला चोवीस सेंटांनी गेली असती. दुसऱ्या दिवशी नऊ सेंटांनी गेली. पावतीवर तुमच्याच कंपनीची खूण होती. बाबांनी ती खूण मला दोनदा दाखवायला लावली. "शेवटी घेतलं ना त्यांनी. म्हणजे डबीत जाणार." हसले आणि खोकत बसले. तो खोकला मग गेलाच नाही.

नंतर तुझे पत्र आले. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मला मोठ्याने वाचायला सांगितले. "तुम्ही मला माझ्या साहेबांपुढे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. यापुढे मी असेन त्या रांगेत तुमची टोपली ठेवू नका." मी सगळे वाचले, एक शब्द गाळला नाही. मला वाटले होते ते रागावतील. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अक्षर सुधारलंय त्याचं." मग कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

वेंडल, मी ते पत्र वाचले तेव्हाही गप्प बसलो, हे मला लिहायचे होते. कोठारात काठ्या मोजताना मी हेच कसे लिहावे ते ठरवत होतो. आता लिहितो.

ऑक्टोबरात बाबा नदीपलीकडे आत्याचे छप्पर दुरुस्त करायला चार दिवस गेले होते. जाताना सांगून गेले, "कोठाराच्या झडपा उघड्या ठेव. पान श्वास घेतं." पहिल्याच रात्री आडवा पाऊस आला. पाणी आत येऊन पाने भिजतील म्हणून मी उठून सगळ्या झडपा लावल्या. पावसानंतर तीन दिवस धुके होते. उघडाव्यात की नको हे मला ठरवता आले नाही. सकाळी उघडायला जायचो आणि परत यायचो. काठ्याही मी दाटीने टांगल्या होत्या. चौथ्या दिवशी दार उघडले तेव्हाच वास आला.

बाबा आले, दारातच थांबले. "किती गेलं?"

"थोडं."

"ते खताच्या ढिगावर टाक. एक पानही टोपलीत जाता कामा नये. माणसं ओढतात ते."

मी हो म्हणालो. पण सगळे टाकले असते तर ढीग दिसला असता, आणि 'थोडं' म्हणजे किती ते कळले असते. म्हणून एक पोते टाकले आणि बाकीचे मचाणावर लपवले. नोव्हेंबरात, खोडावरून पाने काढायच्या दिवसांत, बाबा आत्याला पुन्हा भेटायला गेले, तेव्हा एका दुपारी मी त्याच्या एकतीस जुड्या बांधल्या. मधल्या थरात ठेवल्या. पैशासाठी केले नाही. माझी चूक त्यांनी मोजू नये म्हणून केले. हे खरे आहे, पण खरे असून ते काही बरे नाही.

म्हणजे टोपलीतले घरटे माझे. बाबांना त्या सकाळपर्यंत माहीत नव्हते.

त्यांना कळले ते गाठीवरून. तुला सांगायला नको. आपण दोघे त्याच बाकावर बांधायला शिकलो. जुडीच्या डोक्यावर बाबांचे पानाचेच तीन वेढे आणि टोक आत. तुझेही तीन. मला तीनवर कधी भरवसा वाटला नाही, सुटेल असे वाटते, म्हणून मी चौथा देतो. तू लहानपणी मला त्यावरून काय काय बोलायचास. "क्लेलची जुडी म्हणजे दाढदुखीचा माणूस, डोक्याला फडकं गुंडाळलेला." अख्ख्या काउंटीत चार वेढे देणारा दुसरा कुणी नसेल.

हेनीकाकांनी आम्हाला वळणावर सोडले. घराकडे चढताना बाबा ओढ्यापाशी थांबले. मग म्हणाले, "चार पुष्कळ झाले, क्लेल. तीन पुरतात." एवढेच. पुढे आजारात मी एकदा विचारले, तुम्ही का घेतले अंगावर. म्हणाले, "मला अजून किती टोपल्या विकायच्यात? तुला चाळीस वर्षं विकायच्यात." आणि पाइप मागितला. डॉक्टरांनी बंद केला होता. मी भरून दिला. न पेटवता तोंडात धरून बसले.

काल मी मेझव्हिलला गेलो. फेरिससाहेबांच्या कचेरीत चार-पाच जण होते. मी सगळ्यांसमोर सांगितले की जुड्या मी बांधल्या, बाबांना ठाऊक नव्हते.

फेरिससाहेबांनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली. "पोरा, बाप गेल्यावर माणसाला असं वाटतं."

"मी खरं सांगतोय. त्या मीच बांधल्या."

"बरं, तूच बांधल्यास." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "बघा रे, बापासाठी कसा उभा राहतोय. माझा पोरगा राहील का?" एकाने माझ्या पाठीवर थोपटले. मी गाठीचे सांगू लागलो तर फेरिससाहेब म्हणाले, "जेपने चारशे माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. ते आता कोण खोडणार? घरी जा. चांगला मुलगा आहेस."

मला चांगला मुलगा म्हणाले, वेंडल.

आता तुझ्याकडे काय मागतो आहे ते स्पष्ट लिहितो. ती जुडी बाबांच्या आधी तुझ्या हातात होती. तू तिचे डोके वर केलेस आणि गाठीवरून अंगठा फिरवलास. मी खांबाशी होतो, मी पाहिले. तुझा अंगठा थांबला. मग तू बाबांकडे पाहिलेस, माझ्याकडे नाही.

तू ती गाठ ओळखलीस का?

ओळखली असशील तर फेरिससाहेबांना एक ओळ लिही, की जुडीला चार वेढे होते आणि तसे जेप्था टोलिव्हर बांधत नसत. कंपनीच्या माणसाने लिहिले तर ते मानतील. त्यात तुला त्रास आहे, हे मला माहीत आहे. ओळखूनही तू महिन्याभराने बाबांना तसले पत्र का लिहिलेस, हे लोक विचारतील. मीही विचारीन. माझा त्रास जास्त आहे, माझा माल यापुढे कुणी घेणार नाही. ते मी हिशेबात धरले आहे.

ओळखली नसशील तर तसे लिही. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचीन आणि विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन.

'तुझा भाऊ' असे मी खाली लिहिले होते, ते खोडून पान बदलले आहे. ते लिहायचे की नाही हे तुझ्या उत्तरावर.

तोवर,
जेप्था टोलिव्हर यांचा धाकटा मुलगा,
क्लेल

ता. क. तू मोठा मुलगा म्हणून हिशेब कळवतो.

दिले: शवपेटीपैकी २० डॉलर. डॉक्टर, तीन खेपा, ६ डॉलर. औषध २ डॉलर ३५ सेंट. तुला तार ३६ सेंट. काल मेझव्हिलला जाऊन येऊन ४० सेंट. या पत्राचे तिकीट ३ सेंट. एकूण २९ डॉलर १४ सेंट.

देणे: पेटीचे राहिलेले २८ डॉलर. दुकानाचे ११ डॉलर ८० सेंट. एकूण ३९ डॉलर ८० सेंट.

तुझी मनीऑर्डर २० डॉलर: वटवलेली नाही. ओळ आली तर पेटीच्या बाकीत भरीन. नाही आली तर तुझी तुला परत, तिकीट माझे.