मधली पितळी रिंग

१ सप्टेंबर, सोमवार

आधी माफी. शुद्धलेखन चुकणार. टायपिंग पण हळू, एका बोटाने, बाबांच्या जुन्या फोनवर. हे कोणी वाचणार नाहीये, मग माफी कोणाकडे मागतोय माहीत नाही. असू दे. मागून ठेवलेली बरी.

बाबा गेले त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून त्यांची होडी मागच्या अंगणात लाकडी स्टँडवर तशीच आहे. वरचं कापडी कव्हर हिरवं होतं, आता बुरशीने काळं. आज काका आले. कव्हराखाली हात घालून कडेकडेने तळ चाचपला आणि ओला हात माझ्या शर्टाला पुसला. म्हणाले, दादाची होडी मी अशी कुजू देणार नाही. अठ्ठावीसला येतो. आत कोरडं असलं तर राहू दे तुझ्याकडे. ओलं असलं तर ट्रेलरला लावून घेऊन जातो.

मी म्हणालो, बघाच तुम्ही. म्हणजे मनात म्हणालो. तोंडाने हं म्हणालो.

प्लॅन: धुणे एक दिवस. वाळवणे एक दिवस. वॉटरप्रूफिंग एक दिवस. उरलेले चोवीस दिवस आराम.

२ सप्टेंबर, दुपारी

कव्हर काढायला गेलो. आतून आवाज आला. टक्. मग बऱ्याच वेळाने, टक्.

पाऊस थांबून दोन तास झाले होते. चक्क ऊन होतं. बाबा खिळा मारायच्या आधी हातोडीने दोनदा हळूच ठोकायचे, अगदी तसाच आवाज.

घाबरलो वगैरे नाही. तहान लागली म्हणून घरात आलो.

३ सप्टेंबर

सकाळी पाऊस, मग परत टक्. आईला म्हणालो, कव्हर उद्या काढतो, आज पाठ दुखतेय. आई म्हणाली, कालपासून होडीकडे पाठ करून बसलायस, दुखेल नाही तर काय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काढलं. एका झटक्यात. डोळे मिटले होते ते धूळ जाऊ नये म्हणून.

आत कोणी नव्हतं. मला माहीत होतंच. कडेला ओल, आणि बरोबर मधे रंगाचा जुना डबा, पाण्याने अर्धा भरलेला. बाबांनीच ठेवला असणार. पाणी कशाला भरून ठेवलं कोणास ठाऊक. डबा लिक्विड कालवायला उपयोगी पडेल म्हणून पाणी ओतून टाकलं. ओतायला जरा वेळ लागला. हात निसरडे होते.

७ सप्टेंबर, रविवार

कव्हर धुतलं. कपडे धुवायची पावडर, अख्खं पाकीट. काम करायचं तर हात आखडायचा नाही. फेस फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. समोरचे दाताचे डॉक्टर सायकल थांबवून म्हणाले, काय रे, ढग धुतोयस का? आणि सगळे दात दाखवून हसले. त्यांचे दात चांगलेच असणार, दुकानच दातांचं आहे. मला उत्तर सुचलं, पण ते दवाखाना बंद करून घरी गेल्यावर.

१० सप्टेंबर

वाळलं. मग वर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. कव्हराने सगळं पिऊन टाकलं. माझी चूक नाही, कापड जुनं आहे.

१३ सप्टेंबर

होडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं: कॅनव्हासला लावायचं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड आहे का? काउंटरवरच्या बाईंनी काय हवं विचारलं. मी दोरी घेऊन आलो.

१४ सप्टेंबर

परत गेलो. परत दोरी. दोरी लागतेच.

लोक म्हणतात मी शाळा ह्याच्यामुळे सोडली, वर्गात उभं राहून वाचावं लागायचं म्हणून. साफ खोटं. शाळेत होड्या शिकवत नव्हते म्हणून सोडली.

१५ सप्टेंबर

तिसरी दोरी.

१६ सप्टेंबर

चिठ्ठी लिहून नेली. बाईंनी वाचली, म्हणाल्या, पावडरने धुतलंस ना? चेहऱ्यावरच दिसतंय. नुसत्या पाण्याने धू, फेस यायचा थांबेपर्यंत धू. पूर्ण वाळव. मग हे लाव. मग म्हणाल्या, बोलता येतं ना रे तुला? मी हो म्हणून मान हलवली.

२० सप्टेंबर

एकवीस बादल्या पाणी. दोन दिवस वाळवण. काल लिक्विडचे दोन हात दिले, आज टेस्ट. पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळून गेले! आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, अगं बाई, खरंच की. मी दहा वेळा दाखवलं. अकराव्यांदा ती आत गेली.

आणि एक शोध लागला. कव्हराच्या बरोबर मधे, कापड सगळ्यात खाली झोळ खातं तिथे, एक पितळी रिंग आहे. बोट जाईल एवढी. तिच्यात दोरी नाही, काही नाही. म्हणजे सरळ भोक! बाबांची चूक. एवढी वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दुकानातल्या बाईंना विचारता आलं असतं. पण दोऱ्या खूप झाल्यात.

रिंग उपटली. डबल ठिगळ, वरून गोंद, वरून लिक्विड. कव्हर होडीवर चढवलं. बाबांचं राहिलेलं काम मी पुरं केलं.

२२ सप्टेंबर

पाऊस. नंतर कान देऊन बसलो. काहीच नाही. एकदम शांत.

आई भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, आज आवाज कसा नाही? मी म्हणालो, मी बंद केला. तिने सुरी खाली ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. भाजी तशीच.

म्हणजे तिलाही ऐकू यायचा. कसला आवाज, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस सतत पाऊस. कव्हराच्या मधे हे एवढं तळं. चिमण्या अंघोळ करतायत. म्हणजे बघा कव्हर किती पक्कं. खालून हात लावला. कापड पोट खाली करून कोणी झोपावं तसं लोंबतंय. गार. जड. हात पटकन काढला, कारण जेवण वाढलं होतं.

उद्या काका. आत थेंब नाही. जिंकलो.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी सहा दहाला धडाम. कडेच्या जुन्या दोऱ्या तुटल्या आणि अख्खं तळं होडीत. नव्या तीन घरातच होत्या.

दहाला काका आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कव्हर उलटं करून ठिगळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, रिंग कुठाय? मी खिशातून काढून दिली. म्हणाले, ही आम्ही दोघांनी ठोकली होती रे. मधे पाणी साचतं, ते हिच्यातून खाली डब्यात पडतं. डबा भरला की ओतायचा. बस. डबा कुठाय? मी दाखवला. तळाला लिक्विड सुकून बसलं होतं.

काका म्हणाले, कापड मात्र झकास केलंयस. दादाला जमलं नसतं. मग ट्रेलर लावला.

कव्हर ठेवून गेले. त्यांच्याकडे शेड आहे.

३० सप्टेंबर, संध्याकाळी

सगळ्यात पक्कं कव्हर माझ्याकडे आहे. खाली होडी नाही.

ठिगळ उसवलं. रिंग परत ठोकली. वाकडी बसली. रिकाम्या स्टँडवर कव्हर बांधलं, तिन्ही दोऱ्या लागल्या. खाली डबा, घासून. चारला पाऊस आला आणि गेला.

टक्.

टक्.

आई बाहेर आली, वाकून डब्यात बघितलं. मी विचारलं, आठ महिन्यांत हा भरून वाहिला कसा नाही? म्हणाली, मी ओतायचे ना. तुला काय वाटलं, आपोआप? मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू विचारलंस का? मग माझ्याशेजारी पायरीवर बसली. म्हणाली, हा भरला की तू ओत.

आता अर्धा झालाय. बसलोय.

बातमी: समोरचे दाताचे डॉक्टर सायकलवरून पडले. पुढचे दोन गेले.