भाग दोनचं भूत

२ फेब्रुवारी
गेणभाऊ गेले. सकाळी, चहा पिता पिता. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर भाग दोनचे सात सीन बाकी आहेत! लाज वाटली स्वतःची.

बिबट्याला घाबरणारं भूत त्यांनी केलं म्हणून तर आमच्या यूट्यूबवरच्या पिक्चरचा भाग एक चालला. चाळीस वर्षं तमाशात सोंगाड्या होते, शूटिंगला घरही त्यांचंच, राजुरीतलं. मी आळेफाट्यावरचा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. लोक फुकट डायरेक्टर म्हणायला लागले.

११ फेब्रुवारी
दहावा. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड ठेवले. कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता.

पुतण्या रामदास म्हणाला, "तात्या, चुलतीला सांभाळीन." कावळा हलला नाही. कोणी म्हणालं, "भजी ठेवा, लई आवडायची." भजी ठेवली. तरी नाही. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली. साळुमावशी, म्हणजे गेणभाऊंची बायको, डोळे मिटून हात जोडून उभी. ते बघवेना. पुढे झालो आणि म्हणालो, "गेणभाऊ, भाग दोन पुरा करतो."

कावळा सरळ खाली आला. लोक रडता रडता हसले. भूतच गेलं, आता पुरा कशाच्या जिवावर करू?

१९ फेब्रुवारी
मावशीचा फोन. "भरत, शूटिंग कवा?"

२४ फेब्रुवारी
रोज फोन. "कवा येताय रं समदी?" पिक्चर अडलाय तोवर नवरा अडकलाय, असं धरून बसलीय बहुतेक. मी तिला काय सांगू?

१ मार्च
खिडक्यांना शेतातला काळा मल्चिंग पेपर लावून भरदुपारी रात्र केली. रामदासला गेणभाऊंचं धोतर नेसवलं. रामदास पडतो तो नुसता पडतो. गेणभाऊ पडायच्या आधी धोतर सावरायचे, तिथंच हशा पिकायचा. अठरा टेक झाले. कोणी हसलं नाही.

मावशी तेवढी खूश. सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. सामान आवरायला लागलो तर म्हणते, "आनखी येक सीन घ्या की." गाडी वळेपर्यंत दारात उभी होती.

९ मार्च
एडिटला बसलो. गेलेले गेणभाऊ पडद्यावर जिवंत वाटतात आणि धडधाकट रामदास मेलेला! खरं सांगायचं तर मला काहीच येत नव्हतं. जे होतं ते त्या माणसाचं होतं. त्याला चारचौघांत शब्द दिला आणि तोही पाळता येत नाही. नकोसं झालंय सगळं.

१० मार्च
मावशीचा फोन उचलला नाही. दोनदा.

१२ मार्च
राजुरीला गेलो. मावशीच्या पाया पडलो. म्हणालो, जमत नाही मला, या शब्दातून सोडव. ती म्हणाली, "तुझ्या पिच्चरसाठी न्हाई उतरला कावळा. त्याच टायमाला मी मनात म्हनले व्हते, जावा तुमी, मला येकटीला घरात भ्या वाटत न्हाई."

पदर तोंडाला लावला.

"त्यांच्याशी खोटं बोलले रं."