मोटार नसलेले पाय

बुधवार, संध्याकाळ. नवीन पनवेल.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी भिंत सोडलेली नाही. प्रत्येक पाऊल आधी मनात टाकतो, मग जमिनीवर. आज नात सायली कॉलेजात केलेला रोबो घेऊन आली. रोबो कसला, लाकडाचे दोन पाय. मोटार नाही, बॅटरी नाही. इस्त्रीच्या फळीच्या एका टोकाखाली माझी जुनी कवितेची पाठ्यपुस्तकं सारून तिने उतार केला आणि ते वर नुसते ठेवले. चालू लागले की! टक् टक्, वृत्तात बसवल्यासारखे.

"याला अक्कल कुठून आली गं?"

"पायांच्या लांबीतून, वजनातून. दर पावलाला तो पडतो आबा, पुढचा पाय झेलतो. तुम्ही तुमच्या पायांना काही करूच देत नाही."

मोटार नाही. अजून खरं वाटत नाही. पण शाळेत कविता म्हणताना मात्रा तरी कोण मोजायचं? जीभच पुढे न्यायची.

दिवेलागणीला सोसायटीच्या उतारावर भिंत सोडली. नजर पलीकडच्या विचुंबे गावाच्या दिव्यांवर ठेवली, पायांकडे पाहिलंच नाही. वॉचमन ओरडला, "काका, पडाल."

"पडतोच आहे," म्हणालो, आणि गेटबाहेर गेलो.