गॅरेजच्या भिंतीलगतचं संत्रं

बाबा, तुमच्यावर मी संशय घेतला तो एका संत्र्यावरून. वेस्ट विंडसरच्या घरी गॅरेजच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला लागून तुम्ही ते झाड लावलं होतं. नागपूर सोडून आलेल्या माणसाला न्यू जर्सीत, अंगणात, संत्रं हवं होतं. म्हणून थंडी सोसणारं कलम पोस्टाने मागवलंत. खालचा खुंट रानटी, काटेरी, बर्फाला न जुमानणारा. वर बांधलेली फांदी गोड जातीची आणि नाजूक. डिसेंबर लागला की तुम्ही झाडाभोवती ख्रिसमसचे जाडे, गरम होणारे बल्ब गुंडाळायचात आणि वरून नागपूरहून आणलेली गोधडी. आई म्हणायची, "मुलीला कधी स्वेटर घाल म्हणाला नाहीत, झाडाला मात्र पांघरूण!"

चौथ्या वर्षी फळ धरलं. एकच. तुम्ही ऑफिसात सांगितलंत, महाराष्ट्र मंडळात सांगितलंत, आणि दिवाळीच्या फराळाला लोकांना बोलावलंत ते खरं तर झाड दाखवायला. पलीकडच्या गल्लीतले काका, तुमचे कॉलेजपासूनचे मित्र, फोनवर एवढ्या मोठ्याने बोलले की मला शेजारी बसून ऐकू आलं. "काहीही काय यार! सुपरमार्केटमधून आणून लटकवलं असशील." मी तेरा वर्षांची होते, त्या वयात आपल्या बापापेक्षा दुसरं कुणीही खरं वाटतं. त्याच आठवड्यात तुमच्या गाडीत मागच्या सीटवर मला संत्र्यांची पिशवी दिसली, आणि डोक्यात किडा शिरला. तुम्ही झाडापाशी किती वेळ उभे राहता, हात कुठे जातो, हे मी खिडकीतून बघत असे. दिवाळीच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी फळ धरून हलकेच ओढलं. नुसतं बघायला. ते तुटून हातात आलं. देठ हिरवा, ओला. फळ खरं होतं, आणि पिशवीतली संत्री आईने पूजेसाठी मागवलेली होती, हे नंतर कळलं.

आता मी तिथे उभी आहे, हातात संत्रं, आणि तुमची घरी यायची वेळ झालेली. आईच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा आणून मी फळ फांदीला बांधते, गाठ पानाआड लपवते.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांदेखत फळाला हात घातला. फळ गरकन फिरलं आणि दोऱ्याला लोंबायला लागलं. "अरे, हा तर कॉट रेडहँडेड!" हसून हसून काकूंच्या हातातली चिवड्याची ताटली कलंडली. तुम्ही म्हणालात, "मी नाही बांधलं." मग पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की मलाच तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी पळाले नाही आणि बोललेही नाही.

काकांनीच मस्करी म्हणून ते बांधलं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. फोन थांबले, येणंजाणं थांबलं. मला मात्र वेगळाच संशय येतो. आईचा दोरा तुम्ही ओळखला नसेल? माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून तर काकांवर बोट ठेवलं नाहीत ना? त्या हिवाळ्यात तुम्ही बल्बही लावले नाहीत, गोधडीही काढली नाहीत. वरचं कलम जानेवारीत मेलं. उन्हाळ्यात खालच्या खुंटाला तीन-तीन पानांचे काटेरी फुटवे आले, पुढे बारीक, लवदार, कडूजहर फळंही धरली. तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत. मी रोज तिथूनच जायचे, आणि मला तुमचा रागच यायचा, इतक्या लवकर हार मानलीत म्हणून. केवढा माझा निगरगट्टपणा.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला धजावते आहे. तुमच्या अंत्यसंस्काराला काका आले होते, काठी टेकत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता तरी सांग बेटा, त्यानेच बांधलं होतं ना? मला राग नाही गं." मी चांगली तिशी ओलांडलेली होते. म्हटलं, "आय डोन्ट नो, काका." त्यांनी मान हलवली. "म्हणजे बांधलंच होतं," म्हणाले, आणि मी त्यांना चहा आणून दिला.