हवी ती स्थिती

३ फेब्रुवारी, सोमवार

किर्ती आज हैदराबादला गेली. ऑफिसचं काम, चार आठवडे. ट्रस्टच्या डेटाबेसच्या चाव्या माझ्याकडे. धाकट्या भावाची मुलगी, आणि मला सांगते, "आत्या, फक्त बघायचं हं. हात नाही लावायचा." अंबरनाथच्या केमिकल कंपनीत ईडीपी, म्हणजे संगणक विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला! तू बाबागाडीत होतीस तेव्हा मी टेपवरून गोदामाचे हिशेब उठवत होते, असं ऐकवलं. हसली. हसण्यासारखं काय आहे?

ट्रस्टची तीन डायलिसिस केंद्रं: उल्हासनगर, अंबरनाथ आणि मी सांभाळते ते आमचं बदलापूर गाव. पेशंटचं वजन, रक्ताचे आकडे, कुठलं औषध द्यायचं, कुठलं द्यायचं नाही, हे सगळं उल्हासनगरच्या कार्यालयातल्या तीन मशीनवर, कंटेनर म्हणतात त्या सॉफ्टवेअरच्या डब्यांत. त्यावर किर्तीने एक पहारेकरी बसवला आहे. त्याला ऑपरेटर म्हणतात, माणूस नाही, प्रोग्राम आहे. त्याला हे कर, ते कर सांगायचं नसतं. काय असायला हवं तेवढं फाइलमध्ये लिहायचं. बदलापूरचा डेटाबेस असावा. केंद्रातल्या सोनियाला तो वाचता यावा. ऑपरेटर दर मिनिटाला फाइल वाचतो, प्रत्यक्ष बघतो, आणि फरक दिसला की प्रत्यक्षाला फाइलसारखं करतो.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट असंच करत. सूचना नाही, चर्चा नाही. फळ्यावर लिहिलं की तसं असायचंच.

संकल्प: रोज फक्त बघायचं.

४ फेब्रुवारी

फ्रिजवर कागद लावला. "सात वाजता चहा झालेला असेल. पेपरची घडी केलेली असेल." आण्णांनी चष्मा लावून वाचलं, "अक्षर अजून छान आहे तुझं" म्हणाले, आणि चहा कधी मिळेल विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात ऑपरेटर नव्हता, हेच चुकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बघितलं. अंबरनाथच्या केंद्रातून बदलापूरच्या पेशंटची माहिती उघडते! कुणी परवानगी दिली? मी डेटाबेसमध्ये जाऊन ती काढली. पुन्हा बघते तर परत आलेली. परत काढली, परत आली. अकरा वेळा. मला न विचारता.

हे हात लावणं नव्हे. हे पुसणं आहे.

७ फेब्रुवारी

समजलं. हाताने केलेलं त्याला मान्य नाही. फाइलमध्ये लिहिलं, "अंबरनाथला परवानगी नाही." मिनिटाभरात गेली, आणि गेलेलीच राहिली. आवडला मला हा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहिलेलं नीट वाचतंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कागद बंद केले. एक माहिती संगणकात, तीच कागदावर, म्हणजे भांडणाला जागा. सत्य एकाच जागी असावं. ट्रस्टी धर्मेशभाईंना फोन केला. ते उल्हासनगरच्या दुकानातून ओरडले, "मॅडम, आप बोलो तो डन! कागज माने कचरा, साईं!" कापडाचा सिंधी व्यापारी, पण निर्णय घेतो.

सोनिया, आमची टेक्निशियन, तोंड वर करून म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना कागद. स्क्रीन बंद पडली तर काय बघून सुई लावू, पंचांग?" मी म्हटलं, पंचांगात तुझ्या मराठीपेक्षा कमी चुका असतात.

जुन्या फाइली रद्दीवाला टेम्पोत भरत होता. चामटोलीच्या वेणूबाई त्याच्याकडे बघत होत्या. मंगळ-गुरू-शनीची पेशंट, कायम तीन नंबरच्या खाटेवर; आज तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्या. मला म्हणाल्या, "बाय, माझी फाइल पन चालली?" म्हटलं, तुम्ही आता कम्प्युटरमध्ये. "मंग तिथनं कुनी काढलं तर?" म्हटलं, काढायला माझ्याशी गाठ आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फाइलींच्या फोल्डरमध्ये किती पसारा! ईडीपीत आमचा नियम होता. काम हवं त्याने चिठ्ठी द्यायची. काम झालं की चिठ्ठी खिळ्याला, आणि खिळा शनिवारी रिकामा. एकतीस वर्षांत माझ्या खिळ्यावर शिळी चिठ्ठी राहिली नाही. इथे फाइल म्हणजेच चिठ्ठी, आणि गेल्या मार्चमध्ये मशीन रीस्टार्ट केल्याची चिठ्ठी अजून आहे. मेमरी वाढवल्याची आहे. सगळ्यांवर "पूर्ण" असा शेरा. फाडल्या. म्हणजे डिलीट केल्या. काही झालं नाही, झालं नसतंच.

बॅकअपच्या वेळापत्रकाचीही एक चिठ्ठी होती: रोज पहाटे घ्यावा. घेतला जातोच आहे, मग चिठ्ठी कशाला? फाडली.

किर्तीचा मेसेज, "सगळं ठीक?" उत्तर दिलं, "एव्हरीथिंग इज इन ऑर्डर."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईला हेपरिनची रिॲक्शन आली. रक्त गोठू नये म्हणून मशीन सुरू करताना देतात ते औषध. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, प्रेशर खाली. सोनियाने सांभाळलं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला पुन्हा कधीही हेपरिन नाही. सोनियाने लगेच संगणकात लाल अक्षरात नोंदवलं.

मी तिला विचारलं, अडलं का कागदावाचून? गप्प बसली. अशी गप्प बसलेली सोनिया महिन्यातून एकदा बघायला मिळते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

"चाचणी" नावाचा एक डेटाबेस होता. त्याची चिठ्ठी फाडली तरी तो बसलेलाच. फाइलीत शोधलं तर किर्तीने लिहून ठेवलंय, चिठ्ठी गेली तरी डेटाबेस राखावा. का? आण्णा दुधाच्या पिशव्या धुऊन राखतात, तशातलाच प्रकार. चिठ्ठी परत ठेवली, "राखावा"च्या जागी "काढावा" केलं, पुन्हा फाडली. चाचणी अदृश्य! मग सगळ्याच फाइलींत तसं केलं. एकसारखेपणा हवा.

सोनिया सांगत होती, अंबरनाथच्या केंद्रातून आपले पेशंट दिसत नाहीत, तिकडे ड्युटी लागली तर पंचाईत. तुझी ड्युटी इथे आहे, म्हटलं.

२१ फेब्रुवारी

बॅकअपचा फोल्डर बघितला. बारा तारखेपासून तसूभर वाढलेला नाही. शिस्त लावली की पसारा वाढत नाही.

का कुणास ठाऊक, दुपारी झोप लागली नाही. उकाडा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ११.४०. किर्ती शुक्रवारी येते. तिला रिकामा खिळा दाखवायचा. शेवटच्या तीन चिठ्ठ्या उरल्या होत्या: उल्हासनगरचा डेटाबेस असावा, अंबरनाथचा असावा, बदलापूरचा असावा. तिन्ही दोन वर्षांपूर्वीच तयार झालेले. कामं कधीच पूर्ण. फाडल्या. फोल्डर स्वच्छ. बाईला जमत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

११.४२. सोनियाचा फोन. स्क्रीनवर एकाही पेशंटचं नाव नाही. रिफ्रेश कर म्हटलं.

११.४४. अंबरनाथ. तेच. रिफ्रेश.

११.४५. उल्हासनगर.

११.५३. धर्मेशभाई. "मॅडम, नौ पेशंट मशीन पे हैं और स्क्रीन एकदम सफाचट! साईं, ये क्या चल रहा है?" म्हटलं, कंपनीकडून काही तरी असेल. कुठली कंपनी, ते त्यांनी विचारलं नाही.

१२.१०. किर्ती. आधी तिच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग म्हणाली, "आत्या, फाइली काढल्यास?" म्हटलं, कामं झाली होती. "ती कामं नव्हती गं. फाइल आहे तोवर डेटाबेस आहे. फाइल काढलीस म्हणजे तुला तो नकोय. त्याने फक्त तुझं ऐकलं." मी म्हटलं, मग राखावा असं का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "लिहिलं होतं."

४.१५. किर्तीने तिकडून बसून सगळं परत आणलं. बारा तारखेच्या पहाटेचा बॅकअप, त्यानंतरचा नव्हताच. सगळी नावं आली. धर्मेशभाईंना कळवलं: पूर्ण पूर्ववत.

किर्तीचं म्हणणं, बारा ते चोवीस या दिवसांतलं काहीही स्क्रीनवर नाही. तिन्ही केंद्रांत आजच नोटीस लाव, स्क्रीनवर विसंबू नका, पेशंटला विचारा. लावते. पण नोटीस कशी हवी? घबराट होता कामा नये. मसुदा नीट करायला हवा. बारा दिवसांत माणसाचं असं काय बदलतं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या महाशिवरात्र. अंबरनाथच्या जत्रेमुळे तिकडचा स्टाफ अडकला, म्हणून सोनियाला पहाटेच तिकडे पाठवलं. आमच्याकडे उल्हासनगरहून टेक्निशियन रिद्धी. मी साडेनऊपासून केंद्रात, नोटिशीचा तिसरा मसुदा घेऊन. "कृपया" आधी यावं की नंतर, ते ठरेना. सोनियाचे दोन फोन आले. कापले. मसुदा मध्येच तोडता येत नाही.

रिद्धी आली. "मॅडम, पाच नंबरचं पेशंट ऐकत नाहीये. बोलतंय, ती सुई नको."

वेणूबाई होत्या. हात पदराखाली. "बाय, त्या दिशी याच औषदानं माझा जीव चाल्लेला. सोनियाला इचारा." रिद्धी माझ्याकडे बघते. मी स्क्रीन बघितली. हेपरिन: नेहमीप्रमाणे. ॲलर्जी: काही नाही.

मी म्हटलं, वेणूबाई, डॉक्टर सांगतात ते सगळं यात असतं. यात लिहिलेलं आहे तेच खरं.

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या." आणि हात बाहेर काढला.

पुढचं लिहायला नको.

श्वास अडकला. ओठ निळे. रिद्धीने मशीन थांबवलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. उल्हासनगरच्या हॉस्पिटलला नेताना अंबरनाथला जत्रेचे बांबू रस्त्यात. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "ए भाई, बाजू घे ना!" वेणूबाईंची मूठ माझ्या साडीच्या पदरावर होती. मधेच सुटली. मी ती परत धरून ठेवली, पण बोटं वळत नव्हती.

२६ फेब्रुवारी

आयसीयू. भेटता येत नाही. आण्णांनी स्वतः चहा केला, पुढ्यात ठेवला. गार झाला.

दोष कुणाचा, हे शांतपणे मांडायला हवं. रिॲक्शन तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईला आली होती. ही पाच नंबरवर होती. रिद्धीने खाट बदलली नसती तर मला लगेच कळलं असतं. शिवाय किर्तीने आधीच पक्कं कुलूप लावायला हवं होतं. शिवाय जत्रा.

सोनिया आली. काल तिने अंबरनाथहून वेणूबाईंचं पान उघडून बघायचा प्रयत्न केला, परवानगी नाही असं आलं, म्हणून मला फोन. हे तिने मला वाकडं न बोलता सांगितलं. ती वाकडं बोलली असती तर बरं झालं असतं.

नोटीस लावली. एक ओळ. "कृपया" नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वेणूबाईंना आयसीयूतून बाहेर आणलं. डोळे उघडले, पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, रिद्धीने दोन मिनिटं उशीर केला असता तर आपण बोलत नसतो.

किर्ती आली. माझ्यावर रागावेल म्हणून तीन उत्तरं तयार ठेवली होती. रागावली नाही. शेजारी बसून मला एकेक फाइल परत लिहून दाखवली. बदलापूरचा असावा. गेला तरी राखावा. रोज पहाटे बॅकअप असावा. मग एक वही काढली. म्हणाली, बारा दिवस संगणकातून येणार नाहीत, आत्या. ते माणसांकडे आहेत. घरोघर जाऊन विचारावं लागेल.

म्हटलं, मी जाईन. बदलापूर केंद्राचे एकवीस पेशंट. संकल्प: दोन दिवसांत पूर्ण.

२ मार्च, रविवार

सोनिया बरोबर आली, मी सांगितलं नव्हतं तरी. काल गावातले सगळे केले. आज सोनिवलीत तिघं. एकाची गोळी बदललेली, एकाचं वजन दोन किलो कमी धरायचं ठरलेलं, एकीने सुईचा हात बदललेला. बारा दिवसांत माणसाचं बरंच बदलतं. सगळं माझ्या अक्षरात, समासासकट.

शेवटी चामटोली. वेणूबाई कालच घरी आल्या. ओटीवर खाटेवर पडून होत्या, सून वाल सोलत होती. चेहरा अजून सुजलेला. "या बाय," म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या, "बाईंना पाट नको दिऊ, खुर्ची आन." मी वाक्य पाठ करून नेलं होतं. "वेणूबाई, माझ्याकडून," एवढंच आलं. त्यांनी हाताने ते वारा घातल्यासारखं बाजूला केलं.

मग मी वही उघडली. वर त्यांचं नाव लिहिलं. विचारलं, त्या शनिवारी काय झालं ते सांगा, मी लिहून घेते.

त्या उठून बसल्या. सुनेने पाठीला उशी दिली. माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या, सुईकडे बघतात तशा.

"नको बाय," म्हणाल्या. अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने. "तुमी नको लिवू. तुमी लिवता तसंच व्हतं."

वालाच्या शेंगा सुनेच्या हातात तशाच.

वही आणि पेन सोनियाकडे दिलं. ती लिहीपर्यंत मी अंगणात उभी राहिले.